वेगासला ब्लॅकजॅक खेळायचंय? बसण्याआधी कापडावरची ओळ वाचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकच्या एक ताई आणि त्यांचे यजमान नोव्हेंबरात मुलीकडे फिनिक्सला येताहेत. तिथून मुलगी, जावई आणि सहा वर्षांची नात, असे सगळे मिळून तीन रात्री लास वेगासला जाणार आहेत. यजमानांना ब्लॅकजॅक खेळून बघायचंच आहे. ताईंनी विचारलंय की किती पैसे बाजूला काढावेत, कुठे खेळावं, त्याआधी गोव्याला जाऊन हात बसवून घ्यावा का, आणि "तिथे फसवतात का हो?"

ताई, मी मूळची सावंतवाडीची. पणजीला मांडवीतल्या एका कसिनो बोटीवर पत्ते वाटायला शिकले, मग पाच वर्षं क्रूझ जहाजांवर आणि पुढे अकरा वर्षं वेगासमध्ये ब्लॅकजॅकची डीलर होते. म्हणून तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. पत्त्यांत कोणी फसवत नाही. वेगास ज्या राज्यात आहे त्या नेवाडात जुगार १९३१ पासून कायदेशीर आहे, राज्याचं त्यावर बारीक लक्ष असतं, आणि दोन-चारशे डॉलरसाठी परवाना धोक्यात घालायला कोणी तयार नसतं. माणूस मार खातो तो नियमांत. हे नियम लपवलेलेही नसतात. टेबलावरच्या कापडावर ठळक अक्षरांत छापलेले असतात, पण बसणाऱ्यांतले फार थोडे ते वाचतात.

आधी खेळ दोन वाक्यांत: पानांची बेरीज एकवीसच्या वर न जाऊ देता डीलरपेक्षा जास्त करायची, वर गेलात तर फुटलात, म्हणजे हरलात. चित्रांची पानं दहाची, एक्का एक किंवा अकरा. आता ती ओळ. पहिल्या दोन पानांत एक्का आणि दहाचं पान (दश्शी, गुलाम, राणी किंवा राजा) आलं की तो ब्लॅकजॅक, आणि त्याला जास्तीचे पैसे मिळतात. काही टेबलांवर "३ ला २" लिहिलेलं असतं, काहींवर "६ ला ५". ६ आणि ५ हे आकडे मोठे दिसतात, त्यामुळे पुष्कळांना तोच भाव चांगला वाटतो. हिशेब करून बघा. १५ डॉलर लावले असतील तर ३ ला २ च्या टेबलावर ब्लॅकजॅकचे साडेबावीस मिळतात, ६ ला ५ च्या टेबलावर १८. दर वेळी साडेचार डॉलर कमी. ब्लॅकजॅक साधारण एकवीस डावांत एकदा येतो. तासाला सत्तर डाव धरले तर तीनेकदा येणार, म्हणजे एवढ्या एका ओळीपायी तासाला चौदा-पंधरा डॉलर गेले.

नीट खेळणाऱ्या माणसाविरुद्ध ३ ला २ च्या टेबलावर कसिनोचा फायदा साधारण अर्धा टक्का असतो. १५ डॉलरच्या सत्तर डावांत १,०५० डॉलर फिरतात, त्यातले सरासरी पाच-सहा डॉलर कसिनोकडे जातात. तोच खेळ ६ ला ५ वर खेळलात तर फायदा दोन टक्क्यांच्या आसपास जातो आणि तासाची सरासरी एकवीस डॉलर होते. खुर्ची तीच, पत्ते तेच, डीलरही तीच. मी दोन्ही प्रकारची टेबलं चालवली आहेत. एकाच संध्याकाळी चाळीस पावलांवरची दोन टेबलं, आणि गर्दी नेमकी वाईट टेबलावर, कारण त्याची किमान रक्कम दहा डॉलरने कमी होती. मला तेव्हा उठून सांगावंसं वाटायचं. डीलरला तसं सांगता येत नाही. आता सांगता येतं, म्हणून इतकं लांबण लावून लिहितेय.

दुसरी बारीक ओळ डीलरच्या "सॉफ्ट १७"ची असते, म्हणजे एक्का ११ धरून झालेले सतरा. डीलर त्यावर थांबणार असेल तर तुमच्या फायद्याचं. अजून एक पान घेणार असेल तर कसिनोला आणखी पाव टक्क्याच्या जवळपास मिळतं. हे दुय्यम आहे. ३ ला २ मिळालं तर यावर अडून बसू नका.

आता कुठे, ते. आपण ज्याला वेगास म्हणतो तो झगमगाटी रस्ता, स्ट्रिप, तिथे ३ ला २ ची टेबलं असतात, पण बहुधा २५ डॉलर किंवा त्याहून वरची. कमी पैशांची टेबलं बहुतेक ६ ला ५ ची. फ्रीमाँट स्ट्रीटवर, म्हणजे जुन्या गावात, कमी पैशांत ३ ला २ मिळण्याची शक्यता जास्त. तिथली बरीच हॉटेलं जुनी आणि बुटकी आहेत, एल कॉर्टेझ तर १९४१ पासून उभं आहे. राहायला स्ट्रिपवर आणि खेळायला एक सकाळ फ्रीमाँटला, असं जमवलंत तर उत्तम. सकाळ मुद्दाम म्हणतेय. टेबलाच्या कोपऱ्यात किमान रकमेची पाटी असते आणि ती दिवसभरात बदलते. सकाळी दहाला १५ असलेली पाटी शुक्रवारी रात्री २५ किंवा ५० होते. शिवाय सकाळी टेबलावर दोन-तीनच माणसं असतात आणि डीलरला नवख्या माणसाला समजावून सांगायला सवड असते. यजमानांना पहिला अनुभव सोमवार ते गुरुवारच्या सकाळी घेऊ द्या.

टेबलाशी गेल्यावर काय होतं ते बारकाईने सांगते, कारण नवखा माणूस तिथेच गांगरतो. खुर्चीत बसा, चालू डाव संपू द्या, आणि नोटा समोर कापडावर ठेवा. डीलरच्या हातात द्यायच्या नाहीत, तिला त्या घेताच येत नाहीत. ती नोटा उचलून टेबलावर पसरते, वरच्या कॅमेऱ्याला प्रत्येक नोट दिसेल अशी. मग मोठ्याने रक्कम सांगते, मागून सुपरवायझर होकार देते, आणि नोटा एका चपट्या पट्टीने टेबलातल्या फटीत ढकलल्या जातात. त्या खाली कुलूपबंद पेटीत पडतात. तुमच्यासमोर चिप्स, म्हणजे पैशांऐवजी वापरायच्या चकत्या, येतात. लाल ५ च्या, हिरव्या २५ च्या, काळ्या १०० च्या. समोर गोल आखलेला असतो, त्यात चिप ठेवली की तुम्ही डावात. पत्ते वाटायला सुरुवात झाली की त्या चिपला हात लावायचा नाही. पान हवं असेल तर बोटाने कापडावर टिचकी मारा, नको असेल तर पानांवरून तळवा आडवा फिरवा. तोंडाने "द्या" म्हटलेलं पुरत नाही. उद्या वाद झाला तर कॅमेऱ्याला आवाज नाही, हात दिसतो. पत्ते उघडे वाटलेले असतील तर त्यांना शिवायचंच नाही. एक किंवा दोन कॅटच्या खेळात ते पालथे येतात, तेव्हा एकाच हाताने धरायचे आणि टेबलाच्या कडेबाहेर न्यायचे नाहीत. फोन खिशात.

डीलर पाळी संपवून जाताना एकदा टाळी वाजवून तळवे वरखाली करते, तेही कॅमेऱ्यासाठीच, हातात काही नाही हे दाखवायला. मला ती सवय इतकी लागली होती की घरी पोळ्या लाटून झाल्यावरही हात तसेच व्हायचे.

खेळ कसा खेळायचा? तीनपत्ती किंवा रमीची सवय इथे कामाची नाही. समोरच्याचा चेहरा वाचायचा नसतो, कारण डीलरला कुठलाच निर्णय नसतो. सोळापर्यंत पान घ्यायचं आणि सतराला थांबायचं (सॉफ्ट १७ ला टेबलाच्या नियमाप्रमाणे), एवढंच तिच्या हातात. म्हणून तुमच्या प्रत्येक दोन पानांना, डीलरच्या प्रत्येक उघड्या पानासमोर, एक आणि एकच उत्तम उत्तर आहे. हे उत्तर पहिल्यांदा नीट काढलं ते बाल्डविन, कॅन्टी, मेझल आणि मॅकडरमॉट या अमेरिकी लष्करातल्या चार तरुणांनी. मेरीलँडच्या ॲबरडीन तळावर असताना त्यांनी टेबलावरच्या साध्या गणनयंत्रांवर महिनोन्‌महिने आकडेमोड केली आणि १९५६ मध्ये ती अमेरिकन सांख्यिकी संघटनेच्या नियतकालिकात छापून आली. आज तेच उत्तर तळहाताएवढ्या कार्डावर रंगीत चौकटींत छापलेलं मिळतं, हॉटेलच्या गिफ्ट शॉपमध्येसुद्धा. ते कार्ड टेबलावर घेऊन बसायला परवानगी असते. बघून बघून खेळलात तरी कोणी हसत नाही. यजमानांना लाज वाटली तर सांगा, माझ्या टेबलावर ज्यांनी कमीत कमी गमावलं त्यांत कार्ड बघणारी माणसं पुष्कळ होती.

गाभा असा. तुमचे १२ ते १६ आणि डीलरचं पान दुर्री ते छक्की यांतलं असेल तर थांबा, तिला फुटू द्या. पंजी किंवा छक्की उघडी असताना डीलर शंभरातले बेचाळीस-त्रेचाळीस वेळा एकवीसच्या वर जाऊन हरते. (एक अपवाद: तुमचे १२ आणि तिची दुर्री किंवा तिर्री असेल तर पान घ्या.) तिचं पान सत्ती किंवा त्यावरचं असेल तर सतरा होईपर्यंत घेत राहा. अकरा असतील तर पैसे दुप्पट करून एक पान घ्या. दहा असतील तर तिच्या नव्वीपर्यंत तसंच करा. दोन एक्के आणि दोन अठ्ठ्या नेहमी फोडून दोन डाव करा, दोन दश्शा आणि दोन पंज्या कधीही फोडू नका.

सगळ्यांना अवघड जातं ते सोळा, समोर दश्शी. मी हजारो माणसांना तिथे श्वास रोखताना पाहिलंय. पान घेतलं तर तेरापैकी आठ प्रकारची पानं तुम्हाला फोडतात, म्हणजे शंभरात साठाहून जास्त वेळा. म्हणून माणूस थांबतो. पण थांबल्यावर जिंकायचं तर डीलरनेच फुटायला हवं, आणि दश्शी असताना ती शंभरात बावीस-तेवीस वेळाच फुटते. दोन्ही रस्ते वाईट आहेत, पान घेण्याचा किंचित कमी वाईट. टेबलावर "सरेंडर" चालत असेल तर निम्मे पैसे सोडून द्या, तेच शहाणपणाचं. नाहीतर घ्या पान. फुटलात तरी निर्णय बरोबर होता, एवढं यजमानांनी मनाशी धरलं की अर्धी लढाई संपते.

डीलरला एक्का आला की ती विचारते, "इन्शुरन्स?" शब्द विम्याचा आहे म्हणून आपल्या माणसांना तो घ्यावासा वाटतो. तो विमा नाही, तिचं दुसरं, पालथं पान दहाचं निघेल यावर लावलेली वेगळी पैज आहे, आणि सहा कॅटच्या खेळात तीत कसिनोचा फायदा सात टक्क्यांच्या वर आहे. नाही म्हणा. तुमच्याकडे ब्लॅकजॅक असताना ती "इव्हन मनी" देऊ करेल, म्हणजे जेवढे लावलेत तेवढेच पैसे जिंकल्याचे आत्ताच घ्या. तीही तीच पैज वेगळ्या कपड्यांत. तेही नको. गोलाशेजारी छोटी वर्तुळं असतात, जोडी आली तर अमुक पट, तीन पानं जुळली तर तमुक पट. त्यात एकही चिप ठेवू नका. मूळ खेळाच्या कितीतरी पट महाग असतात त्या पैजा.

शेजारी बसलेला कोणी चिडून म्हणेल, "तुम्ही ते पान घेतलंत म्हणून डीलर जिंकली." शेवटच्या खुर्चीवर बसणाऱ्याला हे फार ऐकावं लागतं. त्यात तथ्य नाही. पुढचं पान कोणालाच माहीत नसतं, तुमच्या घेण्याने ते जितकं बिघडतं तितकंच सुधारतं. फक्त चांगलं पान आल्याचं कोणाच्या लक्षात राहत नाही.

पैशांबद्दल. सरासरी तासाला पाच-सहा डॉलर म्हटलं, पण सरासरी एका संध्याकाळी भेटत नाही. १५ डॉलरच्या टेबलावर एका तासात दीडशे डॉलर वर किंवा दीडशे खाली, हे अगदी रोजचं. म्हणून दोन तासांच्या एका बैठकीला किमान रकमेच्या तीसपट, म्हणजे साडेचारशे डॉलर हवेत. तीन रात्रींत अशा दोनच बैठका धरा. नऊशे डॉलर. रुपयांत ही रक्कम बघून तुम्हा दोघांना पोटात खड्डा पडत असेल तर खेळू नका, किंवा एकच बैठक खेळा. हे पैसे विमानाच्या तिकिटासारखे खर्चात धरा, परत आले तर आनंद. नोटा पाकिटात घालून ठेवा, आणि यजमानांचं कार्ड व एटीएमचा पिन तुमच्याकडे राहू द्या. कसिनोतल्या एटीएमचं शुल्क भरमसाट असतं, हे आणखी एक कारण.

इथे एका काकांबद्दल सांगायलाच हवं. गाव लिहीत नाही. टेबलावर बसले, माझ्या नावाची पाटी वाचली आणि मराठीत म्हणाले, "आमची पोर निघालीस की तू!" खूप गप्पा झाल्या. त्यांची पद्धत ठरलेली होती: हरलं की दुप्पट लावायचं, कधीतरी जिंकणारच आणि सगळं भरून निघणार. तासभर भरून निघतही होतं, दर वेळी १५ डॉलरचा फायदा. मग सलग सहा डाव गेले. १५, ३०, ६०, १२०, २४०, ४८०. बेरीज ९४५. सातव्या डावाला ९६० लावायला हवे होते आणि टेबलाची कमाल मर्यादा ५०० होती. काका माझ्याकडे बघत राहिले, जणू मी काही करू शकेन. बरोबरीचे डाव सोडले तर सलग सहा हरण्याची शक्यता साधारण पन्नासात एक असते, म्हणजे एका संध्याकाळीसुद्धा ती गाठ पडते. यजमानांच्या डोक्यात ही दुपटीची कल्पना असेल तर निघण्याआधीच काढून टाका. दर डावाला तीच रक्कम, शेवटपर्यंत.

पत्ते मोजून, म्हणजे येऊन गेलेल्या पानांचा हिशेब ठेवून, जिंकतात असं जावईबापूंनी ऐकलं असणार. गणितज्ञ एडवर्ड थॉर्पने १९६० च्या सुमारास ते संगणकावर सिद्ध केलं, आणि डोक्याने मोजणं बेकायदा नाही. पण नेवाडात कसिनो तुम्हाला "पुरे आता" म्हणू शकतो, आणि मोजायला फोन किंवा कुठलंही यंत्र वापरलं तर तो गंभीर गुन्हा आहे. तीन रात्रींच्या पाहुण्याने या फंदात पडू नये. त्याला लागणारा सराव वर्षांचा असतो.

हॉटेलचं थोडक्यात. खोलीच्या भाड्यावर "रिसॉर्ट फी" लागते, रात्रीला चाळीस-पन्नास डॉलरच्या घरात, वर कर. मे २०२५ पासून अमेरिकेत सक्तीची फी धरूनच भाडं दाखवायचा नियम आला आहे, तरी शेवटची रक्कम बघूनच बुक करा. स्ट्रिपवरच्या बऱ्याच हॉटेलांत पार्किंगचे पैसे पडतात. खोलीतल्या फ्रिजमधली बाटली नुसती उचलून बघितली तरी काही ठिकाणी बिलावर चढते, नातीला आधीच सांगून ठेवा. आणि नोव्हेंबर म्हणालात म्हणून: २०२३ पासून त्या महिन्यात स्ट्रिपवरच फॉर्म्युला वनची शर्यत होते. त्या आठवड्यात भाडी आणि टेबलांच्या पाट्या दोन्ही चढतात, रस्ते बंद असतात. तारखा बघून तो आठवडा टाळाच. फिनिक्सहून गाडीने पाचेक तास लागतात. त्या दिवसांत वेगासचं घड्याळ फिनिक्सच्या एक तास मागे असतं, जेवणाचं आरक्षण करताना ध्यानात ठेवा.

यजमान जिंकले तर? बाहेरच्या देशातून आलेल्या पाहुण्यांच्या ब्लॅकजॅकच्या कमाईवर अमेरिका कर घेत नाही. स्लॉट मशिनच्या मोठ्या जॅकपॉटवर मात्र जागेवरच ३० टक्के कापतात. भारतात रहिवासी म्हणून ही कमाई विवरणपत्रात दाखवावी लागते, तिथे दर ३० टक्के.

गोव्याला सरावासाठी जाऊ नका. माझं शिक्षण तिथलं, जिव्हाळा आहे, तरी सांगते. माणसाने पत्ते वाटलेली टेबलं तिथे बोटींवरच असतात, प्रवेशाचेच पैसे पडतात, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून चिप्सच्या किमतीवर जीएसटी ४० टक्के झाला आहे. सराव करायला तो फार महाग वर्ग आहे. त्यापेक्षा घरी दोन कॅट पिसा, चिप्सऐवजी शेंगदाणे घ्या, आणि महिनाभर रोज रात्री जेवणानंतर तुम्ही डीलर व्हा. सतराला थांबायचं, सोळाला घ्यायचं, न चुकता. यजमानांसमोर ते कार्ड. आठवड्याभरात त्यांचा हात बसेल, आणि तुम्हाला खेळ इतका कळेल की टेबलामागे उभं राहून धडधड होणार नाही.

डीलरला टिप द्या. तिचा मूळ पगार तुटपुंजा असतो, घर टिपवर चालतं. तासाला पाच डॉलर पुष्कळ झाले. चिप तुमच्या गोलाच्या पुढे ठेवून "डीलरसाठी" म्हणा, तुम्ही जिंकलात तर तिलाही दुप्पट मिळतात आणि सगळं टेबल खूश होतं. पेयं फुकट येतात, आणणाऱ्या मुलीला एक-दोन डॉलर. यजमानांनी खेळताना लिंबू-सोडा घ्यावा, बिअर नंतर.

नातीचं विचारलं नव्हतंत, पण लागेल. एकवीस वर्षांखालच्या कोणालाही कसिनोत रेंगाळता येत नाही. लिफ्टकडे जायची वाटच बऱ्याचदा टेबलांमधून असते, तिथून तिला हात धरून न थांबता नेलं तर चालतं. आजोबांच्या खुर्चीमागे उभं केलं तर दोन मिनिटांत सुरक्षारक्षक येईल. म्हणून आजोबा सकाळी खेळत असताना तिला बेलाजिओच्या काचघरातली फुलांची आरास दाखवायला न्या, ती फुकट असते. कारंजी दुपारनंतर सुरू होतात, तोपर्यंत आजोबांची बैठक आटोपलेली असेल. यजमानांचा मूळ पासपोर्ट बरोबर राहू द्या, झेरॉक्स चालत नाही.